कृष्णाकाठी मुलांची छायाचित्र स्पर्धा: वाईच्या घाटांसाठी एक आखणी

हे नियोजनाचं एक उदाहरण आहे. वाईतल्या सहा शाळा एकत्र येतात आणि कृष्णा नदीवर मुलांची छायाचित्र स्पर्धा घ्यायची ठरवतात. इयत्ता पाचवी ते नववी, प्रत्येक शाळेतून वीस, म्हणजे एकूण १२० मुलं. कॅमेरे नाहीत, फोन आहेत, आणि तेही आई-बाबांचे. पैसा जेमतेम. हे आकडे आखणीसाठी धरलेले आहेत. आपल्या गावाप्रमाणे ते वर-खाली करावेत. जागा मात्र खरी आहे आणि अडचणीही खऱ्या आहेत. नदीकाठच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी त्या थोड्याफार अशाच येतात.

क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईत पोचते तोवर तिच्यावर बलकवडी आणि धोम अशी दोन धरणं झालेली असतात. गावात गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, सिद्धनाथवाडी असे आळीवार घाट. गणपती आळीच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. कॅलेंडरपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळीकडे हेच देऊळ दिसतं. स्पर्धेची पहिली अडचण इथूनच सुरू होते.

विषय ‘सुंदर नदी’ ठेवला तर काय येतं

परिपत्रकात ‘आपली सुंदर कृष्णामाई’ एवढंच छापलं, तर आलेल्या फोटोंत देऊळ, देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि मावळता सूर्य यांचीच गर्दी होते. मुलांचा यात दोष नाही. सुंदर म्हणजे काय, याचं तयार उत्तर त्यांनी मोठ्यांच्या मोबाइलमध्ये पाहिलेलं असतं. पाच-पन्नास सारख्याच फोटोंतून परीक्षकांना एक निवडावा लागतो, आणि मग बक्षीस चांगल्या फोनला मिळतं.

म्हणून विषय लहान करायचा. मुलाला उभं राहून शोधावं लागेल इतका लहान. या उदाहरणासाठी चार विषय सुचवतो.

पाणी आणि दगड: घाटाची पायरी, कठडा, गोमुख, पाण्याने झिजलेली कड. ढोल्या गणपतीची मागची भिंत इथे मुद्दाम दाखवावी. पुराचं पाणी फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती माशाच्या आकारात बांधली आहे. देवळासमोर फोटो काढणारे शेकडो, मागे जाऊन ही भिंत पाहणारे थोडे. तिची टोकदार बाजू कुठल्या कोनातून दिसते, हे शोधताना मुलाला नदीचा जोर आणि बांधणाऱ्याची अक्कल एकदमच कळते.

नदीचं काम: धुणं, म्हशी, शेतीचा पंप, मासेमारी, नदीवर ज्याचं पोट आहे ते काहीही.

नदीतला जीव: खंड्या, ढोकरी, हिवाळ्यात शेपटी हलवत फिरणारा धोबी, बेडूक, चतुर, पाण्यातली वनस्पती. फोनवर पक्षी ठिपक्याएवढा येतो, हे आधीच सांगावं. चतुर आणि शेवाळ जास्त चांगले मिळतात.

पाण्याची खूण: पाणी इथवर होतं, हे सांगणारी कुठलीही गोष्ट. भिंतीवरची रेघ, फांदीला अडकलेली चिंधी, वाळलेला गाळ.

कचऱ्याचं काय, हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. उत्सव नदीचा, मग घाण कशाला दाखवायची, असं कुणीतरी म्हणतंच. कचरा वगळू नये, असं आमचं मत आहे. पण त्याचा वेगळा गटही करू नये. वेगळा गट केला की मुलं निर्माल्याच्या पिशव्या गोळा करून, मांडून फोटो काढतात. असे फोटो ओळखूही येतात, कारण पिशव्या फार नेटक्या पडलेल्या असतात. जलपर्णी, नाल्याचं तोंड, प्लॅस्टिक हे कुठल्याही विषयात चालेल; अट एकच, हे कुठून आलं ते खालच्या ओळींत लिहायचं.

प्रत्येक फोटोखाली मुलाने स्वतःच्या भाषेत २५ ते ४० शब्द लिहायचे: कुठे उभा होतो, किती वाजले होते, काय दिसलं. ही अट सगळ्यात जास्त कामाची आहे. फोटो बाबांनी काढला असेल तर या ओळी कोरड्या येतात. ‘निसर्गाचे अनुपम सौंदर्य’ असं लिहिलेलं दिसलं की तिथे मूल नव्हतं, असं खुशाल समजावं.

तारीख

जुलै ते सप्टेंबर बाद. धोम धरणाची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ते भरत आलं की विसर्ग सुरू होतो आणि वाईत ऊन पडलेलं असतानाही घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. पावसाळ्यानंतरही सिंचनाचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाळीने सोडलेलं पाणी, नदीत सुटू शकतं. म्हणून ठरवलेल्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या दिवशी पाटबंधारे विभागाकडे विसर्गाची चौकशी करावी, आणि त्या सकाळी घाटावर पोचल्यावर एका पायरीवर खडूने रेघ मारून पाणी चढतंय का ते दर दहा मिनिटांनी पाहावं. रेघ भिजली तर तुकडी वर न्यायची. यावर चर्चा नको.

जानेवारीनंतरचा काळ दुसऱ्याच कारणाने अडचणीचा. स्नेहसंमेलनं, मग शिष्यवृत्ती परीक्षा, मग दहावीच्या गडबडीत शाळेच्या खोल्या आणि शिक्षक दोन्ही अडकतात. त्याच सुमाराला कृष्णाबाईचा उत्सव आळीपाळीने एकेका घाटावर बसतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून केलेल्या नवसाशी परंपरा त्याचं नातं जोडते. फोटोला तो फार मोहाचा. पण मांडव, गर्दी आणि प्रसादाच्या रांगांत वीस मुलं सांभाळत पाण्याकडे लक्ष ठेवणं जमत नाही. उत्सवाचे फोटो मुलांनी घरच्यांबरोबर जाऊन काढावेत. स्पर्धेची फेरी तेव्हा नको.

उरतो तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ, नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य. पाणी निवळलेलं, पायऱ्या बऱ्याचशा कोरड्या. सूर्योदय पावणेसात-सातच्या दरम्यान, पण चहूबाजूंनी डोंगर असल्याने घाटावर ऊन उशिरा उतरतं. साडेसात ते नऊ ही वेळ धरावी. दहानंतर काळा दगड आणि चमकणारं पाणी यांतला फरक इतका वाढतो की फोनला दोन्ही एकदम पेलत नाहीत.

पाच फोन, वीस मुलं

फोन आई-बाबांचा असेल तर तो सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जातो. ‘ज्याने-त्याने घरून फोटो काढून पाठवावा’ म्हटलं की ज्या घरी एकच फोन आहे ती मुलं आपोआप गळतात. म्हणून स्पर्धेचे फोटो फक्त फेरीतच काढायचे आणि फोन शाळेने जमवायचे.

एका शाळेची एक तुकडी, वीस मुलांची. फोन पाच, प्रत्येक फोनवर चार मुलं. प्रत्येकाला १२ मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटांत एक फेरा पूर्ण. सूचना, चालणं आणि मोजणी धरून दीड तास. एका सकाळी दोन तुकड्या दोन वेगळ्या घाटांवर. तीन सकाळींत सगळ्या शाळा होतात.

चार मुलांच्या गटात फोन एकाकडे. दुसरं मूल वहीत वेळ आणि जागा लिहितं, तिसरं फोनवाल्याच्या पायांकडे पाहतं, चौथं पुढचा फोटो हेरत असतं. हे पायांकडे पाहणं उगाच दिलेलं काम नाही. घाटावर मूल पाण्यात वाकून पडण्यापेक्षा, चौकटीत सगळं मावावं म्हणून मागे-मागे सरकताना पायरी चुकून पडण्याची भीती जास्त. नियम एकच पाठ करून घ्यावा: फोन डोळ्यांसमोर असेल तेव्हा पाय जागेवर, पाय हलवायचे तर फोन खाली.

एकच फोन चार जणांनी वापरला की फोटो कुणाचा, हा घोळ ठरलेला. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक मुलाच्या गळ्यात जाड मार्करने लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड असावं: शाळेचा अंक, इयत्ता, मुलाचा क्रमांक, उदाहरणार्थ ३-७-१४. फोन हातात आला की पहिला फोटो आपल्या कार्डाचा काढायचा. गॅलरीत एका कार्डापासून पुढच्या कार्डापर्यंतचे सगळे फोटो त्या मुलाचे. कार्डावर नाव लिहू नये. पुढे परीक्षणात तेच उपयोगी पडतं.

फोटोंची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवा. मर्यादा नसेल तर मूल बोट दाबूनच ठेवतं आणि १२ मिनिटांत शे-दीडशे सारखे फोटो होतात. वीसच म्हटल्यावर ते थांबतं, पाहतं, मग काढतं. वीसांतले तीन त्याने स्वतः निवडून द्यायचे. निवड शिक्षकांनी करू नये, कितीही मोह झाला तरी.

मोठी माणसं प्रत्येक तुकडीला चार: दोन पाण्याच्या बाजूला, एक मोजणीला, एक फोनच्या अडचणींना. पाण्याच्या बाजूच्या दोघांपैकी एकाला पोहता आलंच पाहिजे, आणि त्याच्या खिशात फोन नको. पाण्यापासून तीन पायऱ्या वर रंगीत चिंध्या बांधलेली दोरी ताणायची. तिच्या खाली शेवाळ असतं आणि शेवाळाची पायरी कोरडी दिसली तरी धरत नाही. हवेची ट्यूब आणि पंधरा मीटर दोर हाताशी. मुलांच्या पायांत मागे पट्टा असलेली सँडल. नुसती चप्पल नको.

फोन हातात देण्याआधी

पहिलं काम, भिंग पुसणं. फोन दिवसभर तेलकट बोटांनी हाताळला जातो आणि सकाळच्या तिरक्या उन्हात त्या डागामुळे सगळा फोटो धुरकट होतो. जुन्या सुती कापडाचे तुकडे पुरेत.

मग सेटिंग. कोपऱ्यात फोनचं मॉडेल किंवा तारीख छापणारा वॉटरमार्क बंद. चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड बंद. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडावं. नाहीतर फाइल हेइक प्रकारात साठते आणि गावातल्या फोटो स्टुडिओच्या संगणकावर उघडेलच असं नाही. झूम वापरायचं नाही; जवळचं हवं तर जवळ जायचं, दोरीच्या वरच्या बाजूला राहून.

घाटाचा दगड काळा बेसॉल्ट. चौकटीत दगड जास्त असला की फोन सगळंच उजळ करतो: दगड राखाडी दिसतो आणि पाणी पांढरं फट्ट होतं. पडद्यावर पाण्याच्या चमकत्या भागाला बोट लावावं, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढावं. दगड काळा राहतो, पाण्यावरची लहर दिसते. एवढी एक गोष्ट मुलांकडून शाळेच्या अंगणात, पाण्याच्या बादलीवर आणि पाटीवर करून घेतली तर घाटावर शिकवण्यात वेळ जात नाही.

काय काढायचं नाही, हेही तिथेच सांगावं. अंघोळ करणाऱ्या माणसांचे फोटो नाहीत. दहावं, अस्थिविसर्जन, कुठलाही दुःखाचा विधी चालू असेल तर फोन खाली आणि त्या बाजूला जायचंही नाही. धुणं धुणाऱ्या बाईंचा फोटो हवा तर आधी ‘मावशी, काढू का?’ म्हणून विचारायचं. त्या नाही म्हणाल्या तर हसून पुढे जायचं. वाईजवळच्या मेणवलीचा घाट फेरीत घेणार असाल तर तिथली वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा मुलांना दाखवावीच, पण शेजारचा नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे. आत जायचं तर आधी विचारून ठेवावं. ड्रोन नको.

परवानग्यांची पत्रं नगरपरिषद, देवस्थान आणि पोलीस ठाणं अशी तिघांकडे दोन आठवडे आधी द्यावीत आणि पोच घ्यावी. पालकांचं संमतिपत्र लेखी हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, अशी तरतूद आहे. संमतिपत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: फेरीला पाठवणं, फोटो प्रदर्शनात लावणं, मुलाचं नाव फोटोखाली छापणं. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही म्हणणारे पालक असतात. एकच सही घेतली तर त्यांना नाइलाजाने मूलच मागे ठेवावं लागतं.

फाइल जमा करताना होणारा घात

फोटो फोनमधून संगणकात केबलने किंवा कार्ड रीडरने घ्यावेत, फेरीच्या दिवशीच. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो. लांबीला सुमारे १६०० पिक्सेल उरतात. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत त्या ४००० असतात. प्रदर्शनासाठी १६ इंच लांबीची प्रिंट काढली तर मूळ फोटोतून इंचाला २५० पिक्सेल मिळतात, व्हॉट्सॲपच्या फोटोतून १००. शंभरावर पायरीच्या कडा मऊ पडतात आणि पाण्याचे चौकोन दिसू लागतात. शिवाय फोटोतली तारीख-वेळेची नोंदही पुसली जाते. व्हॉट्सॲपशिवाय गत्यंतर नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

गुगल फॉर्मवर अपलोडची सोय छान दिसते, पण त्यासाठी गुगल खात्यातून आत जावं लागतं आणि लहान मुलांना स्वतःचं खातं नसतं. आईच्या खात्यातून तीन भावंडांचे फोटो येतात आणि नोंदी एकमेकांत मिसळतात. १२० मुलांचे तीन-तीन, म्हणजे ३६० फोटो; प्रत्येकी चार एमबी धरले तरी दीड जीबीच्या आतबाहेर. एका पेन ड्राइव्हवर मावतं. दुसरी प्रत दुसऱ्या माणसाच्या घरी. फाइलचं नाव कार्डावरच्या अंकांनी आणि शेवटी १, २, ३.

फोटोत जागेची नोंद असते. घाटावर काढलेल्याची हरकत नाही. पण फोटो इंटरनेटवर टाकायचे तर ती काढून टाकलेली प्रतच टाकावी. सवय म्हणूनच.

परीक्षण

तीन परीक्षक: एक छायाचित्रकार, एक नदी किंवा पक्षी जाणणारा, एक कला शिक्षक, जो या सहा शाळांतला नसेल. लहान गावात परीक्षकाचा भाचा स्पर्धेत असतोच. म्हणून नावं झाकलेली, फक्त अंक दिसणारे फोटो. पाचवी ते सातवी एक गट, आठवी-नववी दुसरा.

पहिल्या फेरीत प्रत्येक फोटो पडद्यावर २० सेकंद. ३६० फोटोंना बरोबर दोन तास लागतात, मधे एक चहा. परीक्षकांनी न बोलता हो किंवा नाही लिहायचं. दोन हो मिळाले की फोटो पुढे. न बोलण्याची अट कडक पाळावी, कारण पहिला माणूस ‘वा!’ म्हणाला की बाकीचे दोघे त्याच्या मागे जातात. साधारण साठ फोटो उरतील असं पाहावं. दुसऱ्या फेरीत गुण: निरीक्षण ४०, मांडणी ३०, लिहिलेल्या ओळी २०, स्पष्टता आणि प्रकाश १०. शेवटच्याला दहाच, कारण ते निम्मं फोनवर अवलंबून असतं.

बक्षिसाच्या यादीत आलेल्या फोटोंची खातरजमा करायची ती गॅलरीतल्या शेजारच्या फोटोंवरून. खऱ्या फोटोच्या आगेमागे त्याच जागेचे दोन-चार फसलेले प्रयत्न असतात. फाइलमधली तारीख बदलता येते, फसलेले प्रयत्न सहसा कुणी बनवत नाही. संगणकाने बनवलेलं चित्र असेल तर घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात: डावीकडे सात आणि उजवीकडे नऊ असा गोंधळ किंवा शिलालेखाच्या जागी अक्षरांसारखं काहीतरी दिसतं. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर मुलाला घाटावर नेऊन ‘कुठून काढलास?’ विचारावं. खरं मूल धावत जाऊन त्या जागी उभं राहतं.

प्रदर्शन

फोनचा फोटो ४:३ मापाचा. स्टुडिओत सवयीने १२×१८ इंच सांगितलं की तो ३:२ होतो आणि उंचीतला नवव्या भागाइतका पट्टा कापला जातो. कापला जातो तो बहुधा वरचा कळस किंवा खालचं पाणी. १२×१६ सांगावं. कागद मॅट, वर मॅट लॅमिनेशन, मागे ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका फलक. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच तेवढी दिसते. घाटावर उघड्यावर लावायचं असेल तर चारही कोपऱ्यांना भोकं पाडून वर-खाली दोन्हीकडून सुतळीने बांधावं. नुसतं वरून टांगलं तर वाऱ्याने सगळे बोर्ड उलटे होतात. आणि रात्री काढून ठेवावं, डिसेंबरचं दव प्रिंटच्या कडेतून आत शिरतं.

साठ निवडलेले फोटो मोठे लावावेत. उरलेल्या मुलांचा प्रत्येकी एक फोटो ४×६ इंचात, एकाच लांब फलकावर. आजी-आजोबा येतात ते आपल्या नातवाचा फोटो पाहायला. तो नसेल तर ते बाकीच्या फोटोंसमोरही थांबत नाहीत.

स्पर्धा दरवर्षी घ्यायची असेल तर आणखी एक काम पहिल्याच वर्षी करून ठेवावं. पाच पक्क्या जागा ठरवायच्या: घाटाचा अमुक कोपरा, देवळाच्या माशासारख्या भिंतीचं टोक, पुलावरचा अमुक खांब. प्रत्येक जागी कुठे उभं राहायचं आणि फोन कुणीकडे रोखायचा, हे लिहून सोबत नमुन्याचा फोटो जोडायचा. दरवर्षी प्रत्येक तुकडीतल्या एका मुलाने या पाचही जागांवरून एकेक फोटो काढायचा, गुणांशिवाय. हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात वर्ष, जागेचा क्रमांक आणि त्या दिवशी पाण्याबाहेर असलेल्या पायऱ्यांची संख्या. एक प्रत नगरपरिषदेला, एक गावातल्या ग्रंथालयाला.